शाळेचा तक्ता व दुरुस्तीचा नमुना
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या कपाटात अनेक दप्तरे असतात; परंतु त्यांत जनरल रजिस्टराची योग्यता निराळी आहे. शाळेची इमारत पडली तर ती पुन्हा बांधता येते, फळा फुटला तर नवा मिळतो; रजिस्टरातील एक ओळ नाहीशी झाली तर मात्र ती पूर्ववत लिहिणे कोणासही शक्य होत नाही. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. कित्येक शाळांतील रजिस्टरे त्याहूनही जुनी, म्हणजे स्कूल बोर्डाच्या अमदानीतील आहेत, आणि काही नोंदी तर मोडी लिपीत आहेत. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उघडून पाहण्यात आली. ज्या गुरुजींनी ती लिहिली, त्यांना आपल्या अक्षरावर पुढे कोणाचे काय अवलंबून राहणार आहे याची कल्पनाही नसेल.

आज हेच काम रजिस्टराबरोबर संगणकातही करावे लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' प्रणाली आली. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. या प्रणाली वरून तयार होऊन येतात. त्यांची रचना शिक्षकाच्या हाती नाही. परंतु त्यांत भरावयाची माहिती ज्या तक्त्यातून उचलली जाते, तो एक्सेलमधील तक्ता बहुधा शाळेतच तयार होतो. तो कसा रचावा, आणि त्यातील नोंद बदलण्याचा नमुना कसा असावा, एवढाच आजचा विषय आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीकडे थोडेबहुत लक्ष दिले जाते. दुसरीकडे बहुधा कोणी पाहत नाही. वास्तविक अधिक हानी होते ती दुसरीतच.

तक्ता म्हणजे काय

कागदावरचा तक्ता डोळ्यांसाठी असतो. त्यात मधोमध शीर्षक लिहिले, दोन चौकटी एकत्र करून त्यावर 'मुले' व 'मुली' असे लिहिले, अथवा वरच्याप्रमाणेच आहे हे दाखविण्यास खाली दोन टिंबे दिली, तरी वाचणाऱ्यास अर्थ कळतो. संगणकास तो कळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण असावी लागते. म्हणून पहिला नियम असा की, एका ओळीत एकच मूल आणि एका स्तंभात एकच बाब असावी. 'जन्मतारीख व जन्मस्थळ' असा जोडस्तंभ करू नये. चौकटी एकमेकींत मिसळू नयेत. वर्गावर्गांच्या मध्ये रिकाम्या ओळी सोडू नयेत. वर्ग हा स्वतंत्र स्तंभ करावा.

दुसरा नियम ओळखीच्या क्रमांकाचा. एकाच गावात एकाच नावाची दोन मुले असणे ही खानदेशात काही नवलाची गोष्ट नाही. पाटील, पावरा, भिल किंवा सोनवणे आडनावाच्या घरांत तर नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही जुळून येतात. म्हणून प्रत्येक ओळीस असा एक क्रमांक हवा की जो दुसऱ्या कोणत्याही ओळीस नसेल व जो कधीही बदलणार नाही. शाळेत तो तयारच आहे: जनरल रजिस्टरातील क्रमांक. हजेरीपटावरील क्रमांक या कामी उपयोगाचा नाही, कारण तो दरवर्षी बदलतो.

तिसरा नियम असा की, जे मोजून काढता येते ते लिहून ठेवू नये. वयाचा स्तंभ पुष्कळ तक्त्यांत आढळतो. जूनमध्ये भरलेले वय पुढच्या जूनमध्ये चुकीचे ठरते. जन्मतारीख तेवढी लिहावी. वय संगणक ज्या दिवशी विचारावे त्या दिवशीचे काढून देतो. पटसंख्येच्या बेरजांचेही तसेच.

एक गोष्ट एकदाच

हे नियम केवळ सोयीचे नाहीत. त्यांच्यामागे शास्त्र आहे. आयबीएम कंपनीत संशोधन करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून माहिती परस्परांशी जोडलेल्या साध्या तक्त्यांच्या रूपाने साठविण्याची पद्धत मांडली. आजच्या बँका, रेल्वेचे आरक्षण व बहुतेक सर्व व्यापारी प्रणाली या विचारावर उभ्या आहेत. त्याचे सार शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर असे: प्रत्येक गोष्ट एकदाच व एकाच जागी लिहावी, इतरत्र तिचा नुसता क्रमांक द्यावा.

याचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत: धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडा. परंतु एखाद्या तक्त्यात 'शिंदखेडा', 'शिंदखेडे' आणि 'सिंदखेडा' असे तीन प्रकारे लिहिले गेले, तर तालुकावार मोजणी करताना संगणक चारऐवजी सहा तालुके दाखवील. जळगावच्या पंधरा तालुक्यांत चोपडा-चोपडे, पारोळा-पारोळे अशी जोडनावे आहेतच. यास उपाय म्हणून तालुक्यांची वेगळी यादी करावी आणि भरताना त्या यादीतून निवड करावी. एक्सेलमध्ये चौकटीस अशी निवडयादी जोडण्याची सोय आहे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक याच तत्त्वाने रचलेला आहे: पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे व शेवटचे दोन शाळेचे. २७०२ ने आरंभ होणारा क्रमांक धुळ्याचा आणि २७०३ ने होणारा जळगावचा, हे त्यावरूनच कळते.

परंतु निवडयादीचा हा नियम जातीच्या किंवा जमातीच्या मूळ नोंदीस डोळे मिटून लावू नये. रजिस्टरात जे अक्षर आहे तेच तक्त्यात यावयास हवे. जात पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ पासून अंमलात आहे, आणि पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद हा महत्त्वाचा पुरावा असतो. अनुसूचित जाती व जमातींचे आदेश १९५० साली निघाले. त्यापूर्वीच्या नोंदीस विशेष वजन दिले जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत तडवी, भिल्ल व पावरा समाजाची, तसेच पश्चिमेकडे साक्रीत कोकणा, मावची समाजाची मुले मोठ्या संख्येने शिकतात. तेथे 'शुद्ध' करण्याच्या हौसेने बदललेले एक अक्षर पुढे एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश अडवून धरू शकते. म्हणून येथे दोन स्तंभ ठेवावेत: 'रजिस्टरातील मूळ नोंद' व 'गणनेसाठी प्रवर्ग'. निवडयादी केवळ दुसऱ्यास लावावी.

मूल एक, प्रवेश अनेक

खानदेशातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे, तर काही साक्री-नवापूरकडून गुजरातेत. त्यांची मुले शाळा सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. तक्त्यात एकच 'प्रवेश दिनांक' आणि एकच 'शाळा सोडल्याचा दिनांक' असेल, तर दुसऱ्या खेपेस शिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. जुनी तारीख पुसावी, अथवा त्याच मुलाची नवी ओळ करावी. पहिल्याने इतिहास जातो. दुसऱ्याने एका मुलाची दोन मुले होतात आणि पटसंख्या फुगते.

येथे तक्ते दोन हवेत. पहिला मुलांचा: रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. दुसरा येण्याजाण्याचा: रजिस्टर क्रमांक, आल्याचा दिनांक, गेल्याचा दिनांक, कोठे गेले, शिक्षण हमी कार्ड दिले की नाही. पहिल्या तक्त्यात मुलाची ओळ एकच. दुसऱ्यात जितक्या खेपा तितक्या ओळी. दोहोंना जोडणारा धागा म्हणजे रजिस्टर क्रमांक. मग 'गेल्या तीन वर्षांत कोणती मुले दरवर्षी कार्तिकात जातात?' हा प्रश्न विचारता येतो, आणि ती जाण्याच्या आधी पालकांना भेटता येते. तक्त्याचा खरा उपयोग हा आहे. वरिष्ठांना आकडे पाठविणे हे त्याचे दुय्यम काम होय.

अंकांचे व तारखांचे धोके

संगणक काही चुका न सांगता करतो. त्या माहीत असाव्यात. सरलमधील विद्यार्थी क्रमांक एकोणीस अंकी आहे. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच नीट जपते, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये घालते. एकाच शाळेतील मुलांचे क्रमांक बहुधा शेवटच्याच अंकांत वेगळे असतात. म्हणजे नेमके मुलाची ओळख पटविणारे अंक नाहीसे होतात, आणि गेलेले अंक मागाहून परत आणता येत नाहीत. बारा अंकी आधार क्रमांक चौकटीत विचित्र संक्षिप्त रूपात दिसतो. बँकेच्या खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळून पडते. यावर उपाय सोपा आहे: भरण्यापूर्वीच त्या स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, असा ठरवावा. ज्या क्रमांकांची बेरीज कधी करावयाची नाही, ते क्रमांक संख्या नसून नावेच आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तारखेचा धोका याहून सूक्ष्म आहे. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर '०६-१२-२०१६' ही सहा डिसेंबर न राहता बारा जून होते. पंचवीस डिसेंबर मात्र त्यास कळत नाही, कारण पंचविसावा महिना नाही. ती तारीख तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. परिणामी निम्म्या तारखा उलटतात, निम्म्या तशाच राहतात आणि तक्ता वरून निर्दोष दिसतो. जुन्या गुरुजींनी जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहिण्याचा दंडक पाळला, तो याच जातीच्या संशयासाठी. संगणकातही दिवस, महिना व वर्ष यांच्या तीन वेगळ्या चौकटी करून महिना नावाने निवडावा. चुकीस जागाच उरत नाही.

भरण्याचा नमुना

तक्त्यात थेट लिहिण्यापेक्षा नमुन्यातून, म्हणजे एका वेळी एकच मूल दाखविणाऱ्या पानातून, नोंद करणे चांगले. शेकडो ओळींच्या तक्त्यात नजर घसरते आणि एकाची तारीख दुसऱ्याच्या ओळीत पडते. नमुन्यातील चौकटींचा क्रम रजिस्टरातील रकान्यांच्या क्रमाप्रमाणेच असावा, म्हणजे एक शिक्षक वाचतो व दुसरा भरतो अशी जोडी सुखाने काम करू शकते.

कोणती चौकट सक्तीची करावयाची, हा प्रश्न मात्र वरवर दिसतो तितका यांत्रिक नाही. चौकट सक्तीची केली की ती रिकामी असताना नमुना पुढे सरकत नाही, आणि मूल दाराशी थांबते. १ एप्रिल २०१० पासून अंमलात असलेला शिक्षण हक्काचा कायदा सांगतो की, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येणार नाही; दाखला येण्यास विलंब झाला म्हणूनही नाकारता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार अनिवार्य नाही असे स्पष्ट केले. कायद्याने उघडलेले दार शाळेच्या नमुन्याने बंद होता कामा नये. म्हणून 'पुरावा अद्याप नाही' असा पर्याय प्रत्येक ठिकाणी ठेवावा. रिकामी चौकट आणि 'माहीत नाही' यांत भेद आहे: पहिलीवरून विचारलेच नाही असे कळते, दुसरीवरून विचारले पण मिळाले नाही असे कळते.

हा पर्याय नसला म्हणजे काय होते, ते महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या रजिस्टरात पाहावे. पानामागून पान १ जून ही जन्मतारीख सापडते. पालकास तारीख ठाऊक नव्हती, रकाना तर भरणे भाग होते, आणि शाळा जूनमध्ये उघडत असे. मग गुरुजींनी १ जून लिहिला. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु अंदाजाने लिहिलेली तारीख व खात्रीची तारीख यांत फरक दाखविणारी खूण नसल्याने तो अंदाजच पुढे आयुष्यभर, नोकरी व निवृत्तीपर्यंत, खरा मानला गेला. जन्मतारखेशेजारी 'आधार कशाचा' ही एक चौकट असती, तर एवढे झाले नसते.

दुरुस्ती आणि फेरफार

आता मुख्य मुद्दा. कागदावर चूक सुधारताना मूळ अक्षरावर एक आडवी रेघ ओढून, ते वाचता येईल असे ठेवून, वर दुरुस्ती लिहावी व सही-तारीख करावी, हा दप्तराचा जुना शिरस्ता आहे. संगणकात जुने अक्षर पुसून नवे लिहिले की जुन्याचा मागमूस राहत नाही. कोणी बदलले, केव्हा, कशावरून, हे विचारण्याची सोयच उरत नाही. प्रामाणिक शिक्षकावर खोटा आळ आला तर त्याच्यापाशीही उत्तर नसते.

यास उपाय शोधण्यासाठी दूर जावयास नको; तो प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. सातबारावरचे नाव कोणी सरळ बदलत नाही. बदलाची नोंद प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तलाठी करतात. संबंधितांस नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबारा बदलतो. हस्तलिखित सातबारावर जुने नाव कंसात जाई व नव्याशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडे. पन्नास वर्षांनीही त्या क्रमांकावरून मागे जाता येते. जळगावच्या बाजारपेठेतील व्यापारीही कीर्दीतली रक्कम खोडत नाही. उलट नोंद करून ती फिरवतो.

शाळेने हेच करावे. तक्त्याशेजारी 'फेरफार' नावाचा आणखी एक तक्ता ठेवावा. त्यात आठ स्तंभ पुरेत: फेरफार क्रमांक, दिनांक, मुलाचा रजिस्टर क्रमांक, कोणती बाब, जुनी नोंद, नवी नोंद, कशाच्या आधारे, आणि कोणाच्या मंजुरीने. दुरुस्तीच्या नमुन्यात जुनी नोंद नव्या चौकटीच्या शेजारीच दिसावी व ती तेथे बदलता येऊ नये. कारण लिहिल्यावाचून बदल स्वीकारला जाऊ नये. नाव, जन्मतारीख व जात यांच्या बाबतीत तर रजिस्टरात सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीने दुरुस्ती झाल्याखेरीज संगणकातील नोंदीस हात लावू नये. संगणकाचा तक्ता रजिस्टराच्या मागून चालावा. त्याच्यापुढे धावू नये.

येथे आणखी एक विवेक हवा. प्रत्येक बदल ही चुकीची दुरुस्ती नसते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेव्हा शहाद्यात जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीत पश्चिम खानदेश, वडिलांच्या नोंदीत धुळे आणि नातीच्या नोंदीत नंदुरबार असू शकते. आणि तिन्ही नोंदी आपापल्या काळी बरोबर आहेत. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले तेही तसेच. अशा जुन्या नोंदी 'अद्ययावत' करावयाच्या नाहीत. जागेच्या यादीत जुने नाव, नवे नाव व बदलाचे वर्ष लिहिले की दोन्ही जुळतात. चूक सुधारावी, इतिहास सुधारू नये.

जतन आणि गुप्तता

तक्ता तयार झाला की तो केंद्राच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकण्याचा मोह होतो. त्यात मुलांची जात, आईवडिलांचे भ्रमणध्वनी व बँकेची खाती असतात. ही माहिती मुलांची आहे. शाळा तिची केवळ राखणदार आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने कायदाही केला आहे. मागितलेले स्तंभ तेवढेच वेगळे काढून, मागणाऱ्या अधिकाऱ्यासच पाठवावेत. तक्त्याची एक प्रत दर महिन्यास वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि फाईलच्या नावात दिनांक घालावा, म्हणजे 'अंतिम', 'अंतिम नवे' असल्या नावांचा घोळ होणार नाही.

या सर्वाचा आरंभ एकदम संपूर्ण शाळेपासून करण्याचे कारण नाही. या महिन्यात पहिलीच्या वर्गाचा तक्ता करावा. तो जन्मतारखेच्या क्रमाने लावून १ जूनच्या ओळी मोजाव्यात. तालुक्याच्या क्रमाने लावून एकाच नावाची निरनिराळी रूपे शोधावीत. क्रमांकांच्या स्तंभात शेवटी शून्यांची रांग दिसते का ते पाहावे. मग दहा ओळी निवडून त्या रजिस्टराशी ताडून पाहाव्यात. दोन तासांत शिक्षकास आपल्या दप्तराची अशी ओळख होईल की जी वर्षभर माहिती पाठवूनही झाली नसेल. आणि जेथे चूक आढळेल, तेथे ती लगेच न खोडता फेरफाराच्या तक्त्यात पहिली ओळ लिहावी.

आज पहिलीत बसलेली मुलगी पंधरा-वीस वर्षांनी दाखल्याच्या उताऱ्यासाठी याच शाळेच्या दारात येईल. त्या वेळी आजचे शिक्षक बदलून गेलेले असतील, संगणकही दुसरा असेल. तिच्या हाती जो उतारा पडेल, त्यावरील प्रत्येक अक्षर कोठून आले हे नव्या मुख्याध्यापकांना विनासायास सांगता यावे, एवढी व्यवस्था आजच्या शिक्षकाने करून ठेवावी.